एकतीस नवरंग

‘चाळीस सेकंदांत नवरंग पक्षी दिसला नाही, तर पुढची फेरी फुकट’ अशी पाटी मचाणावर लावलेली होती, आणि गेल्या दोन वर्षांत एकाही माणसाला फुकट फेरी मिळाली नव्हती. कस्तुरी मगदूमला त्या पाटीचा भयंकर अभिमान होता. होता म्हणजे, त्या रविवारी सकाळी सव्वादहापर्यंत होता.

सव्वादहाला मचाणावर बारा माणसं उभी होती. खाली ओढा खळखळत होता, पलीकडे करंज-उंबरांची दाटी, आणि जुलै महिना असल्यामुळे बुंध्यांवरसुद्धा शेवाळाचा हिरवा कोट चढला होता. कॉलेजची ही राई सांगलीपासून अर्ध्या तासावर. बेचाळीस एकर. पूर्वी इथे बॉटनीची मुलं पानं गोळा करायला यायची आणि उरलेल्या वेळात डबे खायची. आता सुट्टीच्या दिवशी चारशे माणसं यायची, डोळ्यांवर कॅमेऱ्याचे चष्मे लावून. कस्तुरी होती दहावीत, पण शनिवार-रविवार ती इथली गाईड. हिरवं जॅकेट, गळ्यात टॅब, आणि आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेतल्या आजोबांना कानातलं यंत्र काढून ठेवता यावं.

“परत बोलवा की ओ त्याला,” इचलकरंजीच्या एक काकू म्हणाल्या. “चष्म्यात नीट आला नाही. हलला मेला.”

“काकू, चार वेळा बोलावलाय. आता अर्ध्या तासानं.”

“अर्धा तास? अकराला बस आहे आमची.”

“मग पुढच्या वेळी लवकर या, मी चहा ठेवते,” कस्तुरी म्हणाली आणि सगळे हसले. काकूंच्या यजमानांनी मात्र हसता हसता स्वतःच्या फोनवर ‘नवरंग दाखवा’ हे बटण दाबलं.

ओढ्याकाठच्या खांबातून शिट्टी आली. दोन सुरांची, एक चढता, एक उतरता. आणि पंधराव्या सेकंदाला करवंदीच्या जाळीतून तो बाहेर पडला. पाठ हिरवी, पंखावर निळा ठिपका, पोट पिवळट, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळी पट्टी. पण या वेळी त्याच्या चोचीत गांडूळ होतं. लोंबतं, वळवळतं. तो ते गिळेना आणि टाकेनाही. ओल्या दगडावर उभा राहून तो मान इकडे वळवत होता, तिकडे वळवत होता.

“बघा बघा, पोझ देतोय,” काकू म्हणाल्या.

कस्तुरी पुढे वाकून बघू लागली. भुकेला पक्षी गांडूळ मिळालं की गिळून मोकळा होतो. चोचीत धरून ठेवतो तो फक्त एकाच कारणासाठी. ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

त्या दुपारी राईचे राखणदार बाबालालचाचा मुजावर आणि ती दबकत दबकत करवंदीपर्यंत गेली. चाचा तीस वर्षं या राईत होते; कुठल्या झाडाखाली चप्पल काढून चालायचं हेसुद्धा त्यांना ठाऊक. जाळीच्या बुडाशी वाळक्या पानांचा एक गोळा होता, बाजूला तोंड असलेला. आत तीन पिलं. अंगावर पीस नाही, डोळे उघडलेले नाहीत, नुसती तोंडं.

“चार दिसांची असतील,” चाचा कुजबुजले. “अजून बारा-पंधरा दीस. मग जातील उडून.”

“आणि आईबाप?”

चाचांनी मचाणाकडं हनुवटी केली. “तिकडं. फोटोला.”

*

डॉ. सुलोचना मगदूम कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागप्रमुख होत्या आणि घरी सुलूआत्या. कस्तुरीचे आईबाबा गावाकडे, जतला. ती पाचवीपासून आत्याकडे, कॉलेजच्या क्वार्टरमध्ये. आत्यानं तिला डाग न पाडता सोल्डरिंग करायला शिकवलं, आमटीला फोडणी द्यायला शिकवलं, आणि मुख्य म्हणजे तोंड उघडायला शिकवलं. जतला कस्तुरीनं शिट्टी वाजवली की अख्खी गल्ली ओरडायची, मुलीच्या जातीला शोभतं का म्हणून. आत्या म्हणाली होती, “वाजव. अजून जोरात वाजव.” वर्गात उत्तर येत असून खाली मान घालणारी मुलगी तीनशे माणसांसमोर बोलायला लागली, ती या एका वाक्यामुळे.

‘साद’ हे यंत्रही त्याच शिट्टीतून निघालं. पक्ष्याच्या ओरडण्याचा अर्थ साधारण एकच असतो: ही जागा माझी आहे, लांब राहा. आपल्या हद्दीत दुसऱ्याचा आवाज ऐकला की त्याला हातातलं सगळं टाकून धावावंच लागतं. तुमच्या स्वयंपाकघरात कुणी अनोळखी माणूस ओरडायला लागला, तर तुम्ही गॅसवरचं दूध बघत बसाल का? तसंच. आत्यानं राईभर खांब उभे केले. प्रत्येक खांबात कान होता, तोंड होतं आणि दोन्हींच्या मधे शिकणारा मेंदू. कुठल्या आवाजाला कुठला पक्षी येतो, किती जवळ येतो, किती वेळ थांबतो, हे तो मेंदू शिकत जायचा आणि दर खेपेला आणखी हुबेहूब हाक मारायचा. नवरंग इथे पावसाळ्यापुरतेच येतात आणि ओरडतात ते पहाटे-संध्याकाळी थोडा वेळ, म्हणून त्यांचे आवाज पुरेसे मिळेनात. तेव्हा आठवीतल्या कस्तुरीनं राईत उभं राहून दोनशे वेळा नवरंगाची शिट्टी मारली होती. पक्षी आले होते. यंत्र शिकलं होतं. आत्यानं त्या दिवशी तिला खांद्यावर उचलून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि दोघी चिखलात पडल्या होत्या.

“आत्या, ओढ्याजवळचे खांब पंधरा दिवस बंद कर.”

आत्यानं भिंगातून डोळा काढला नाही. “आधी पाणी पी. मग मुद्दा सांग. मग राग.”

“राग आधी येतोय.”

“मग येऊ दे, पण मुद्दा बरोबर घेऊन.”

कस्तुरीनं सांगितलं. गांडूळ, घरटं, तीन पिलं. “आईबाप दिवसभर नसलेल्या शत्रूला शोधत फिरतात, आणि पिलं पावसात उघडी पडतात.”

“तासाला तीनच हाका अशी मर्यादा घातली आहे मी.”

“माणशी तीन, आत्या. मचाणावर बारा माणसं असतात. बारी त्रिक छत्तीस.”

आत्याचा हात थांबला. “ते बघते मी.”

“पंधरा दिवस.”

“पुढच्या रविवारी नवरंग पर्व आहे, कस्तू. राज्यातल्या चाळीस वनांमध्ये साद बसवायची का, हे ठरवणारी माणसं येणार आहेत. आणि नवरंग आहे तो ओढ्यावर. त्यांना काय दाखवू, वडाच्या पारंब्या?” आत्यानं पडद्यावर तक्ता काढला. “हे बघ. साद बसवायच्या आधी मोजणीत नवरंग किती? नऊ. गेल्या महिन्यात? अठ्ठावीस. त्रास होत असता तर वाढले असते का? तुला भांडायचंय ना, या आकड्यांशी भांड.”

कस्तुरीनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. आकडे होतेच. आणि त्यांतले निम्मे तिनंच मोजले होते.

“गुरुवारी मोजणी आहे,” ती म्हणाली. “कमी भरले तर खांब बंद?”

“एकानं जरी कमी भरले तरी बंद. लिहून देऊ?”

“नको. तुझा शब्द चालतो मला.”

*

राईतल्या मोजणीला पन्नास वर्षांची रीत होती. गुरुवारी सकाळी सहाला पाच ठिकाणी माणसं उभी राहायची, दहा मिनिटं, डोळे मिटून. हो, मिटून. पावसाळ्यात पानांआड दिसत काही नाही, आणि डोळा एकाच पक्ष्यामागे पळतो तेव्हा कान बाकीच्यांना सोडून देतो, असं ही रीत घालून देणाऱ्या जुन्या प्राध्यापकांचं म्हणणं होतं. उजव्या खिशात चिंचोके भरायचे. नव्या दिशेनं नवा आवाज आला की एक चिंचोका डाव्या खिशात. दहा मिनिटांनी डावा खिसा मोजायचा. ज्यानं डोळे उघडले त्याचा खिसा बाद. शाळेतली मुलं त्यात भलती कडक. एकमेकांच्या पापण्यांवर पहारा ठेवायची.

कस्तुरी ओढ्यावर उभी राहिली, शेजारी बाबालालचाचा. डोळे मिटले. एक शिट्टी डावीकडून. चिंचोका. एक समोरून. दोन लांब, चढावरून. पहिल्या शिट्टीला उत्तर म्हणून दुसरी, दुसरीला तिसरी. राई नुसती गजबजून गेली होती. पाच, सहा, आठ. तिचा डावा खिसा जड होत गेला. आज तरी कमी भरा रे, असं ती मनात म्हणत होती, आणि पक्षी कमी भरावेत अशी इच्छा करतोय म्हणून स्वतःवरच चिडत होती.

अकरा.

मोजायला आता दोन मिनिटं उरली होती आणि नवीन काही येत नव्हतं, म्हणून ती नुसती ऐकू लागली. मोजण्यासाठी नाही, अशीच. तेव्हा तिला ते ऐकू आलं. उतरत्या सुराच्या अगदी शेवटी, जिथे नवरंगाचा आवाज कात्रीनं कापल्यासारखा तुटतो, तिथे हवेची एक बारीक फुस्स. डावीकडच्यात. समोरच्यात. चढावरच्यात.

कस्तुरीच्या पुढच्या दोन दातांत फट होती. शिट्टी संपताना तिथून हवा निसटायची. वर्गातल्या मुली तिला त्यावरून प्रेशर कुकर म्हणायच्या.

तिनं डोळे उघडले. तिथे अकरा नवरंग नव्हते. अकरा कस्तुऱ्या होत्या.

“उघडलेस व्हय डोळे,” चाचा स्वतःचे मिटलेलेच ठेवून म्हणाले. “खिसा बाद तुजा.”

“चाचा, तुमचे किती?”

“अकरा.”

“यातले किती बघितलेत? डोळ्यांनी?”

चाचांनी डोळे उघडले. ओढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. “ही करवंदीतली जोडी,” ते सावकाश म्हणाले. “गेल्या साली वरच्या ऐनाच्या झाडापाशी एक हुती. औंदा न्हाई ती. उंबराखालची बी न्हाई.”

“मग अकरा कसे लावता दरवेळी?”

“मोजताना डोळे मिटायचं असतंय की, बाळ,” चाचा म्हणाले, आणि डावा खिसा चाचपू लागले.

पाचही ठिकाणांचे खिसे मोजले गेले. एकूण भरले एकतीस. शाळेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजवरचा सगळ्यांत मोठा आकडा होता तो.

*

आत्याच्या प्रयोगशाळेत कस्तुरी माइकसमोर उभी राहिली आणि शिट्टी मारली. पडद्यावर तिचा आलेख उमटला: एक चढण, एक उतरण, आणि शेवटी धुक्यासारखा पुसट पांढरा पट्टा. मग आत्यानं राईतल्या सकाळच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. एकतीस चढणी, एकतीस उतरणी. एकतीस पांढरे पट्टे.

आत्यानं एकेक पट्टा बोटानं मोजला. मग बोलू लागली ती स्वतःशीच. आधी सगळे खांब एकाच मुख्य संगणकाला जोडलेले होते. कुठल्या खांबानं कधी हाक मारली हे त्याला ठाऊक असायचं, त्यामुळे यंत्राचा आवाज तो पक्ष्यांत धरत नसे. साद बसवली त्याच वर्षी वीज पडून तो संगणक जळाला. तेव्हा आत्यानं प्रत्येक खांब स्वतंत्र केला. प्रत्येक खांब स्वतःची हाक ओळखायचा, शेजाऱ्याची नाही. चार नंबरनं हाक मारली की सात नंबरला वाटायचं, अरे, नवरंग. पक्षी ऐकला की हाक मारायची, हे शिकलेला तो लगेच उत्तर द्यायचा. ते उत्तर ऐकून नऊ नंबर. पहाट झाली की राईभर यंत्रं यंत्रांना हाका मारत सुटायची आणि माणसं डोळे मिटून चिंचोके सरकवायची. आणि हाकांच्या त्या कल्लोळात खरे नवरंग एकतर शत्रू शोधून शोधून थकले, नाहीतर इतकी गर्दी असलेल्या वनात आपल्याला जागा नाही असं समजून दुसरीकडे गेले.

“मी शेजारचा आवाज तपासला नाही,” आत्या म्हणाली. “इतकी साधी गोष्ट.”

“बंद कर आता.”

“सोमवारी.”

कस्तुरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“रविवार होऊ दे. सोमवारी सगळे खांब बंद करते, स्वतःच्या सहीनं अहवाल लिहिते, चूक माझी म्हणून सांगते. आज बंद केलं तर पर्व बुडेल, पुढचं काम थांबेल, आणि दुरुस्त करायची संधीही जाईल. तीन दिवस, कस्तू.”

“शब्द दिला होतास.”

“एकानं कमी भरले तर, असं म्हटलं होतं.”

“एकतीसच्या एकतीस खोटे निघालेत, आत्या.” कस्तुरीचा आवाज इतका चढला की बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं थांबली. “पिलं तीन दिवस काय खातील? तुझा अहवाल?”

“एका घरट्यासाठी मी सगळं–”

“एकच आहे. तुला कळतंय का? एकतीस असते तर ‘एका घरट्यासाठी’ म्हणालेलं चाललं असतं. एकच आहे.”

“तुझा आवाज घेताना तुला विचारलं होतं मी. तू उड्या मारत हो म्हणालीस.”

“पक्षी वाचवायला देशील का, असं विचारलं होतंस. पक्ष्यांच्या नरड्यावर पाय द्यायला देशील का, असं विचारायचंस. मग बघितलं असतंस मी किती उड्या मारते ते.”

आत्या म्हणाली, “आवाज खाली.”

हे तिनं कस्तुरीला आजवर कधीही सांगितलं नव्हतं.

*

शुक्रवारी कस्तुरीनं नवा धंदा सुरू केला. गाईडच्या टॅबवर प्रत्येक खांबासाठी ‘थांबा’ असं एक बटण होतं. दाबलं की तो खांब दहा मिनिटं गप्प. दहा मिनिटांनी पुन्हा चालू. मग ती दर दहा मिनिटांनी ओढ्यावरचे नऊच्या नऊ खांब गप्प करत राहिली. गणिताच्या तासाला बाकाखालून. डबा खाताना डाव्या हातानं. इतिहासाच्या बाईंना तीनदा पोटात कळ आल्याचं सांगून. ओढ्यावरून चाचांचा निरोप येत होता, बाप आला, आई आली, अळी आणली, कोळी आणला, तिन्ही पिलं तोंड उघडून बसलीत. दिवसभरात ती इतक्या वेळा भांडायच्या तयारीत राहिली होती की संध्याकाळी तिचा जबडा दुखत होता.

शनिवारी सकाळी विज्ञानाची चाचणी होती. दोन तास. टॅब बाहेर ठेवायचा. पेपर तिनं सव्वा तासात फेकला, धावत बाहेर आली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: ‘परवानगी काढून घेण्यात आली आहे.’

आत्याला फोन लावला. “नोंदींत दर दहा मिनिटांनी खड्डे पडतायत,” आत्या म्हणाली. “उद्या पाहुण्यांना हीच आकडेवारी दाखवायची आहे. उद्या मचाणावर तू बोलणार आहेस, तेव्हा परवानगी परत मिळेल.”

कस्तुरीनं फोन कापला. त्या रात्री ती बाबालालचाचांच्या घरी जेवली आणि तिथेच, त्यांच्या सुनेशेजारी झोपली.

रविवारी सकाळी ती करवंदीकडं गेली. घरट्यात दोन तोंडं होती. तिसरं पिलू उंबरठ्याशी पडलं होतं, थंडगार, आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

*

दहा वाजता मचाण, पायऱ्या आणि खालचा मांडव मिळून तीनशे माणसं जमली. पहिल्या रांगेत बाहेरून आलेले चार अधिकारी. आत्या मागच्या खांबापाशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. प्राचार्य हेर्लेकर सरांनी कस्तुरीच्या हातात माइक दिला. “ही आमची कस्तुरी. हिच्याच शिट्टीतून साद जन्माला आली. कस्तुरी, दोन वाक्यांत सांग आणि मग नवरंग बोलाव.”

“बोलावण्याआधी मोजूया,” कस्तुरी म्हणाली. “आमच्याकडे डोळे मिटून मोजायची रीत आहे. सगळ्यांनी मिटा. अधिकारी साहेब, तुम्हीसुद्धा. वेगळ्या दिशेनं आवाज आला की एक बोट दुमडायचं.”

तिनं चढावरचे दोन खांब आधी गप्प केले आणि मग एकदा हाकेचं बटण दाबलं. पहिल्या हाकेला दुसऱ्या खांबानं उत्तर दिलं, दुसऱ्याला तिसऱ्यानं, आणि ओढा दोन्ही काठांनी शिट्ट्या मारू लागला. तीनशे माणसं डोळे मिटून, बोटं दुमडत, तोंडभर हसत उभी होती.

“किती?”

“नऊ,” सगळे म्हणाले.

“डोळे उघडू नका. अजून ऐका.”

तिनं टॅबवर चार नंबरचा ‘थांबा’ दाबला. “आता?”

“आठ.”

सात नंबर. नऊ नंबर. दर वेळी एक दिशा विझत गेली. “पाच,” लोक म्हणाले. “चार.” आवाज खाली येत गेले; लोकांचे, आणि झाडांतलेही. “दोन,” दोघं-तिघंच म्हणाले. मग कुणीच काही म्हणालं नाही. खाली ओढा वाहत होता आणि लांब कुठेतरी सातभाईंची कलकल चालली होती.

“उघडा,” कस्तुरी म्हणाली. “नऊच्या नऊ मी होते.”

मग तिनं सांगितलं. दातातली फट, एकमेकांना ओ देणारे खांब, एकतीसचा आकडा, सगळं. माइकवर तिचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या रांगेतल्या एक अधिकारी बाई म्हणाल्या, “मग प्रत्यक्षात पक्षी किती आहेत?”

“एक जोडी. तिकडे करवंदीत. पिलं दोन.”

मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे नवरंग दिसणारच नाही का? आम्ही कराडहून आलोय.” कुजबुज वाढू लागली. हेर्लेकर सर लगबगीनं तिच्याजवळ आले, पण माइक चालूच होता, त्यामुळे त्यांचं खासगी बोलणं तीनशे जणांनी ऐकलं.

“हे बघ बेटा, तुझं म्हणणं पटलं मला. यंत्र नको. पण तुला तर तोंडानं बोलावता येतो ना? एकदाच वाजव. एकच शिट्टी. लोक बघतील, जातील. उद्यापासून साद बंद, शब्द देतो.”

“वाजव की, ताई,” कुठलीशी लहान मुलगी म्हणाली, आणि लोकांनी टाळ्यांचा ताल धरला.

कस्तुरीला टाळ्या आवडायच्या. खोटं कशाला बोला, फार आवडायच्या. तीनशे माणसं, सगळे तिच्याकडं बघतायत, आणि तिला ठाऊक होतं की चाळीस सेकंदसुद्धा लागणार नाहीत. तो येईल. इमानेइतबारे येईल, चोचीत जे असेल ते घेऊन, घर सोडून, तिच्याशी भांडायला. आणि बदल्यात यंत्र कायमचं बंद. स्वस्तातला सौदा होता. तिचे ओठ पुढे आलेही.

मग तिला आठवलं की आत्यालाही तो तीन दिवसांचा सौदा स्वस्तच वाटला होता.

“नाही वाजवणार,” ती म्हणाली. “तो कामात आहे.”

टाळ्या विस्कटत थांबल्या. “काय ही पोरगी,” असं कुणी म्हणालं, कुणी “बरोबर आहे तिचं” म्हणालं. हेर्लेकर सरांचा चेहरा आवळला गेला. ते घड्याळ बघत आत्याकडं वळले. “मॅडम, दहा मिनिटांनी खांब आपोआप चालू होतात ना? मग थांबूया. कृपया सर्वांनी जागेवर बसावं.”

सगळे थांबले. कस्तुरी माइक हातात घट्ट धरून पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होती, जणू खांबांचा आवाज ती अंगानं अडवणार होती. दहा मिनिटं सरली. ओढ्याकाठी एकेक हिरवा दिवा लागला. चार, सात, नऊ. सरांनी स्वतः पुढे होऊन आपल्या फोनवरचं बटण दाबलं.

काही आलं नाही. पुन्हा दाबलं. दिवे लागलेले होते आणि खांब मुके होते.

“शिट्टीचा आवाज पुसलाय मी,” आत्या मागून म्हणाली. ती लॅपटॉप मिटत उभी राहिली. “आत्ताच, सगळे थांबले होते तेव्हा. प्रती होत्या त्याही पुसल्या. आता लागायचं नाही ते.”

“मॅडम, तीन वर्षांचं काम होतं.”

“हो.”

सर काहीतरी बोलत राहिले, अधिकारी उठून आपापसांत बोलू लागले, कराडची माणसं बसकडं निघाली. गर्दीतून वाट काढत आत्या कस्तुरीपाशी आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. चुकलेलं गणित पुन्हा सोडवून वही पुढे करणाऱ्या मुलीसारखी ती कस्तुरीच्या तोंडाकडं बघत होती.

“झालं बंद,” ती म्हणाली. “कस्तू, बोल की काहीतरी.”

कस्तुरीनं माइक बंद केला, आणि तो आत्याच्या हातात दिला.

“गुरुवारी पिलं तीन होती,” ती म्हणाली.